दिव्यांची भाषा कोणाच्या मालकीची?

(बोर्डी येथे रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने वाहनचालक, बागायतदार व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)

आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाच्या प्रयोगाला आरंभ केला, जिच्यापासून फार दूर नसलेल्या झरी गावी त्याच वर्षी वारली शेतमजुरांनी वेठबिगारीविरुद्ध एकत्र येऊन मान वर केली, त्या भूमीवर उभे राहून मोटारीच्या मागच्या दिव्यावर तासभर बोलणे म्हणजे विषयाला फारच खाली उतरवणे आहे, असे एका जुन्या स्नेह्याने मला येताना ऐकवलेही. त्याला मी उत्तर दिले नाही. ते उत्तर देण्याचा प्रयत्न आता तुमच्यासमोर करतो.

निमित्त असे घडले. महिन्यापूर्वी चिकूचे टेंपो चालवणारे चार-पाच तरुण माझ्या घरी आले. हे सारे मुंबईच्या बाजारात रात्री माल नेणारे. त्यांच्यातील एकाच्या टेंपोला महामार्गावर मनोरच्या अलीकडे मागून ट्रकची धडक बसली होती. जीव वाचला, क्रेट रस्त्यावर विखुरले, आणि दिवसाची कमाई गेली. त्यांचा प्रश्न सरळ होता : ब्रेक दाबताच चमकत राहणारा दिवा बाजारात मिळतो, थोडक्या पैशांत वायरमन तो बसवून देतो; सर, बसवावा का? आणि बसवला तर पकडतील का? दोन प्रश्न. एक सुरक्षिततेचा, दुसरा कायद्याचा. त्यांनी ते एका दमात विचारले, कारण रस्त्यावर जगणाऱ्या माणसाला ते एका दमातच सुचतात.

त्यांना मी तेव्हा काही सांगितले, ते अपुरे होते. कारण या दिव्याशी माझा स्वतःचा एक हिशेब आहे आणि तो मी त्या दिवशी त्यांच्यापासून लपवला. आज लपवणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढातील संध्याकाळ होती. तलासरीहून बोर्डीकडे माझी जुनी मोटार घेऊन मी येत होतो. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला, दिवेलागणीची वेळ. एका वळणापुढे दोन शेळ्या आणि त्यांच्यामागे एक मुलगी रस्त्यावर धावली. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, मुलगी पलीकडे गेली. मी सुटकेचा श्वास घेतला न घेतला तोच मागून धडक बसली. उतरून पाहतो तो एक तरुण मोटारसायकलीसह खाली पडलेला. तो माझाच विद्यार्थी निघाला. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात काम करून घरी परतत होता. त्याचा पाय मोडला होता. वेदनेने त्याचे ओठ पांढरे पडले होते, आणि तशा स्थितीतही त्याने मला दोष म्हणून नव्हे, तर झालेली हकिगत म्हणून एवढेच सांगितले : "सर, तुमचा दिवा लागलाच नाही."

खरेच लागला नव्हता. दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे बंद होते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने होल्डरवर हिरवट गंज चढला होता. किती दिवस मी तसाच फिरत होतो ते मला ठाऊक नाही, कारण मोटारीचा मागचा दिवा ही अशी वस्तू आहे, जी मालकाला कधी दिसत नाही. चाळीस मुलांना विद्युतमंडल शिकवण्यात ज्याने हयात घालवली, त्याला स्वतःच्या गाडीतील एक मंडल खंडित झाल्याचे कळले नाही. त्या मुलाचे तीन महिने गेले. रोजंदारीच्या माणसाचे तीन महिने म्हणजे काय, ते या सभेत कोणाला समजावून सांगावे लागू नये. उपचाराचा खर्च मी दिला, पण बुडालेली मजुरी त्याने माझ्याकडून घेतली नाही.

त्यानंतर प्रायश्चित्ताच्या भावनेने मी काय केले? नेमके तेच, जे हे तरुण करू पाहत आहेत. होल्डर बदलले, नवे दिवे घातले, आणि वर एक चमकणारा तुकडा बसवून घेतला. ब्रेकला पाय लागला की मागचे लाल दिवे पाच-सहा वेळा झपझप उघडझाप करीत आणि मग स्थिर होत. पहिला आठवडा मला फार सुरक्षित वाटले. ती भावना कशी उतरली ते पुढे सांगतो. आधी या दिव्यामागची कल्पना काय आहे ते पाहू, कारण कल्पना खोटी नाही. ती शहाण्या माणसांना सुचलेली आहे.

मागून येणाऱ्या चालकाला दोन गोष्टी कळाव्या लागतात. पुढची गाडी थांबते आहे, ही पहिली. ती किती जोराने थांबते आहे, ही दुसरी. नेहमीचा ब्रेकदिवा पहिली गोष्ट सांगतो, दुसरी सांगत नाही. बैलगाडी आडवी येईल म्हणून पाय नुसता टेकवला तरी तोच लाल प्रकाश, आणि समोर मूल आले म्हणून जीव खाऊन ब्रेक दाबला तरी तोच. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. मागच्या चालकाला उमजायला आणि पाय हलवायला दीड सेकंद लागला तर तेवढ्यात ३३ मीटर रस्ता संपलेला असतो. म्हणून त्या लाल दिव्यात 'किती' हेही सांगण्याची सोय हवी, असा विचार पुढे आला. जुन्या पद्धतीच्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला एलईडीपेक्षा सुमारे एक पंचमांश सेकंद अधिक लागतो, म्हणजे त्या वेगाला चार मीटरांहून अधिक अंतर. एवढ्या लहान गोष्टींवर येथे माणसे मरतात किंवा जगतात.

१९७०च्या दशकाच्या आरंभी जॉन व्होव्होड्स्की नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्को शहरातील ३४३ टॅक्सींच्या पाठीवर मध्यभागी एक पिवळसर दिवा लावला. ब्रेक जितका जोराचा, तितकी त्या दिव्याची उघडझाप जलद. दिवा नसलेल्या टॅक्सींशी तुलना करून त्याने १९७४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : मागून बसणाऱ्या धडका सुमारे साठ टक्क्यांनी घटल्या. या प्रयोगात मला एक गोष्ट विशेष वाटते. तो धनिकांच्या गाड्यांवर झाला नाही. दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या टॅक्सीचालकांच्या पाठीवर तो झाला, आणि त्याचे फळ पुढे सर्वांना मिळाले.

फळ मिळाले ते मात्र निराळ्या रूपात. अमेरिकी शासनाने उघडझाप वगळली आणि मध्यभागचा, उंचावरचा, स्थिर जळणारा तिसरा दिवा तेवढा स्वीकारला. १९८६ सालापासूनच्या नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आज आपल्या मोटारींच्या मागच्या काचेत जो तिसरा लाल दिवा दिसतो त्याची ही कुळकथा आहे. आणि आता यातील शिकण्यासारखा भाग. १९८७ साली त्या दिव्यामुळे मागून होणाऱ्या धडका ८.५ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या. १९८९ ते १९९५ या काळात तो लाभ ४.३ टक्क्यांवर येऊन स्थिरावला. टॅक्सींवरच्या साठ टक्क्यांपासून चार टक्क्यांपर्यंतच्या या उताराची कारणे अनेक आहेत, मोजण्याच्या पद्धतीही सारख्या नव्हत्या. परंतु एक कारण कोणालाही पटेल असे आहे. शंभरांतल्या एका गाडीला तिसरा दिवा होता तेव्हा डोळा तेथे खिळे. सर्वांनाच आला तेव्हा डोळ्याने त्याची दखल घेणे कमी केले. तरीही चार टक्के म्हणजे थोडे नव्हे. तेवढ्या मोठ्या देशात त्याचा अर्थ वर्षाला दोन लाखांच्या आसपास अपघात टळणे असा होतो.

उघडझापीची कल्पना पुढे युरोपात जिवंत राहिली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमावलीतील ४८ क्रमांकाच्या नियमात 'आणीबाणीच्या थांब्याचा इशारा' अशी तरतूद आहे. तिच्या अटी मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण सगळे मर्म त्या अटींत आहे. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर असला पाहिजे. मोटारीच्या बाबतीत वेग कमी होण्याची त्वरा दर सेकंदाला सेकंदी सहा मीटरांहून अधिक असली पाहिजे, म्हणजे बसलेला माणूस पुढे फेकला जाईल इतका कडक ब्रेक. जड वाहनांसाठी हा आकडा चार आहे. या अटी पुऱ्या झाल्या तरच दिवे सेकंदाला सुमारे चार वेळा चमकतात, आणि ब्रेकचा जोर ओसरताच आपोआप बंद होतात. सभ्यपणे गाडी चालवणाऱ्या माणसाच्या मोटारीत हा इशारा महिनोन्महिने एकदाही लागणार नाही. तसा तो न लागण्यातच त्याचे बळ आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काही नव्या मोटारींत ही सोय कारखान्यातूनच येते. अमेरिकेत मात्र ब्रेकचा दिवा स्थिरच जळला पाहिजे असा दंडक आहे. शहाणी माणसे दोन्ही बाजूंना आहेत, एवढेच यावरून समजावे.

आता माझ्या त्या बाजारी तुकड्याकडे परत येतो. त्याला वेग कळत नव्हता आणि जोरही कळत नव्हता. त्याला फक्त पायाचा स्पर्श कळत होता. घोलवडच्या वस्तीतून जाताना, चिखल्याच्या वळणावर, नरपडजवळ गुरे आडवी आली की, डहाणूत फाटकापाशी रांगेत उभे राहताना, प्रत्येक वेळी माझी मोटार मागच्या माणसाला ओरडून सांगत होती : सावध, सावध! आणि सावध होण्यासारखे काहीच नसे. एकदा डहाणूच्या बाजारात एक टेंपोवाला उतरून माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, किती वेळ डोळ्यांत मारणार?" तो उद्धट नव्हता, त्रासलेला होता. दुसरा प्रसंग अधिक गंभीर. आमच्याच गल्लीतला एक मुलगा रोज मोटारसायकलीने माझ्या मागे डहाणूपर्यंत येई. तो एक दिवस हसत म्हणाला, "तुमचा दिवा चमकला तरी आता मी बघत नाही, तो नेहमीच चमकतो." हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी वायरमनकडे गेलो आणि तो तुकडा काढून टाकला. ज्या माणसाने मला वाचवायचे, त्यालाच मी बहिरे करीत होतो.

मित्रहो, रस्त्यावरचा प्रत्येक दिवा हा एक शब्द आहे. लाल म्हणजे थांबतो आहे, पिवळा उघडझाप करणारा म्हणजे वळतो आहे, चारही एकदम म्हणजे अडकलो आहे. हे शब्द कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. तलासरीचा वारली मोटारसायकलस्वार, राजस्थानचा ट्रकचालक, उदवाड्याहून येणारे पारशी कुटुंब, यांना एकमेकांची बोली कळत नसेल, पण ही भाषा सर्वांना कळते. ती सर्वांनी मिळून पाळली म्हणूनच कळते. तिच्यात एकाने स्वतःच्या सोयीसाठी नवा शब्द घुसडला की तेवढ्यापुरता त्याचा लाभ होईलही; पण दहा जणांनी दहा प्रकारचे घुसडले की भाषाच नासते. आणि नासलेल्या भाषेची किंमत सर्वांत आधी कोण मोजतो? ज्याच्याभोवती पत्र्याची पेटी नाही, हवेच्या पिशव्या नाहीत, असा दुचाकीस्वार आणि पादचारी.

याचा एक मासला आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. लाल फिरता दिवा हा एके काळी तातडीचा आणि अधिकाराचा संकेत होता. मग तो मंत्र्यांपासून महामंडळांच्या अध्यक्षांपर्यंत आणि त्यांच्या गणगोतापर्यंत झिरपत गेला. इतका, की डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यावर मर्यादा घालावी लागली आणि अखेर १ मे २०१७ पासून केंद्र शासनाने मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरून तो उतरवला. उतरवला हे चांगलेच झाले. पण मधल्या काळात चमकणाऱ्या दिव्याकडे 'कोणी तरी बडा जातो आहे' या नजरेने पाहण्याची जी सवय जनतेला लागली, ती रुग्णवाहिकेच्या वाट्याला अजूनही येते. लोक दिवा पाहतात आणि वाट देत नाहीत.

आता कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९चे, आणि मोठी दुरुस्ती २०१९ची. कायद्याचे ५२वे कलम सांगते की उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे लावले. आता वकिली डोक्याचा एखादा विचारील की नोंदणीपुस्तकात ब्रेकच्या दिव्याचा उल्लेख आहे कुठे? प्रश्न चतुर आहे, पण तो फार दूर नेत नाही. वाहनावर कोणते दिवे, कोणत्या रंगाचे, कोठे असावेत हे नियमांनी ठरवले आहे आणि ते दिवे वाहनउद्योगाच्या मानकांनुसार तपासून मंजूर झालेले असावे लागतात. असे तपासणीचे काम करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच १९६६ पासून आहे. त्या मंजूर रचनेत वायर कापून मध्ये काही बसवणे हा फेरफारच होय. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले आणि त्यातील चौथ्या पोटकलमात अशा गैर फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घेण्यास निमित्त मिळते ते निराळेच.

तेव्हा त्या तरुणांच्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असे आहे. बसवू नका. कारखान्यातून आलेली सोय असेल तर ती बिनदिक्कत ठेवा, ती कायद्यातही बसते आणि शहाणपणातही. बाजारातला तुकडा नको.

परंतु एवढ्यावर थांबलो तर मी पोलिसांचे काम केले असे होईल. तुम्हाला येथे बोलावून 'हे करू नका' असे सांगण्याने कोणाचाही जीव वाचत नाही. त्या तरुणाने तो तुकडा घ्यावासा का वाटला? कारण मागून येणाऱ्या ट्रकच्या भीतीवर त्याला दुसरा कोणताही उपाय दिसला नाही. ज्या रस्त्याची काळजी शासनाने घ्यायची, त्या रस्त्यावरची सुरक्षितता त्याला दुकानातून विकत आणावी लागते आहे. सार्वजनिक गोष्ट एकदा बाजारात गेली की ज्याच्या खिशात जितके, तितकी ती त्याला मिळते. एका टोकाला लाखो रुपयांच्या मोटारीतील आपोआप चमकणारा दिवा, दुसऱ्या टोकाला सायकलच्या मागच्या चाकावरील फुटका परावर्तक. आणि दोघे एकाच रस्त्यावर, एकाच अंधारात.

आकडे थोडेच देतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एकूण अपघातांपैकी पाचातल्या एकाहून अधिक अपघात मागून धडक बसल्याचे होते. हा प्रकार इतर सर्व प्रकारांहून अधिक भरला. आणि मेले कोण? ७४,८९७ दुचाकीवरचे, ३२,८२५ पायी चालणारे. म्हणजे दर शंभरांत चौसष्टांच्या आसपास माणसे अशी, की त्यांच्यापाशी दिवा बसवायला मोटारच नव्हती.

४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच तालुक्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. मागच्या आसनावरील दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. त्या अपघाताचा ब्रेकच्या दिव्याशी संबंध नाही. मी त्याचा उल्लेख करतो तो अशासाठी, की मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा नियम त्यापूर्वीही पुस्तकात होता आणि त्या दिवसानंतर देशभर त्याची आठवण झाली. तो मृत्यू दुःखदच होता, त्याविषयी कोणी कडवटपणे बोलू नये. पण त्याच महामार्गावर उंबरगाव-वापीच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारा तलासरीचा मजूर जेव्हा अंधारात उडवला जातो, तेव्हा कोणता नियम जागा होतो, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

अंधाराचा मुद्दा मी जाणूनबुजून काढला. चमकणारा ब्रेकदिवा चालत्या गाडीचा आहे. रस्त्याच्या कडेला टायर फुटून उभ्या असलेल्या, बॅटरी उतरलेल्या, मागे एकही दिवा नसलेल्या ट्रकला त्याचा काय उपयोग? उसाच्या ट्रॉलीला, विटांच्या ट्रॅक्टरला, गवताच्या बैलगाडीला काय उपयोग? आमच्या लहानपणी बैलगाडीच्या जुवाखाली कंदील लटकत असे. त्याचा प्रकाश बैलांच्या पायांपुरता, पण मागून येणाऱ्याला एक हलता ठिपका दिसे. कंदील गेला आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात 'रेडियम' म्हणतो, ती परावर्तक पट्टी येथे कामाला येते. तिला वायर नको, बॅटरी नको, वायरमन नको. मागून येणाऱ्याच्या दिव्यावरच ती उजळते. अमेरिकेत १९९३च्या अखेरीपासून नव्या जड ट्रेलरांना ती सक्तीची झाली. पुढे केलेल्या पाहणीत अंधारात अशा ट्रेलरांवर बाजूने वा मागून होणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि जेथे रस्त्यावर दिवेच नाहीत तेथे ४१ टक्क्यांनी. तिसऱ्या दिव्याचे ४.३ आणि या पट्टीचे ४१, हे आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत हे मला कळते. दोन्हींचा आधार भिन्न आहे. तरीही काळोख्या रस्त्यांच्या देशाने आधी कशामागे लागावे हे सांगायला तेवढे पुरेसे आहेत. ही पट्टी आपल्या नियमांतही आहे. पासिंगच्या दिवशी ती लावली जाते, चिखलाने माखते, सोलते, आणि पुढच्या पासिंगपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही. कित्येक ठिकाणी पट्टीच्या नावाखाली साधा रंगीत चिकटकागद लावलेला मी पाहिला आहे. दिवसा तो पट्टीसारखा दिसतो, रात्री तो कागदच असतो.

या परिसरावर येणारा वाहतुकीचा भार पुढे वाढतच जाणार आहे. वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. त्या बंदराला आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा जो विरोध आहे त्याविषयी बोलण्याची ही जागा नव्हे, पण बंदर म्हणजे कंटेनर, आणि कंटेनर म्हणजे रात्रंदिवस धावणारे ट्रेलर, एवढे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे. त्या ट्रेलरांच्या मागून आणि पुढून आपली मुले सायकली घेऊन शाळेत जाणार आहेत. तेव्हा मागणी आज केली पाहिजे. महामार्गालगतच्या प्रत्येक पाड्याला पायी ओलांडण्याची सुरक्षित सोय हवी. सेवारस्ता सलग हवा, मध्येच तुटणारा नको. बिघडलेले वाहन ठरावीक वेळेत कडेला ओढून नेण्याची जबाबदारी टोल वसूल करणाऱ्यावर असावी आणि ती त्याने पाळली की नाही याची नोंद लोकांना पाहता यावी. बैलगाडी, सायकल आणि ट्रॉली यांना खरी परावर्तक पट्टी ग्रामपंचायतीने फुकट लावून द्यावी. तो खर्च एका स्वागतकमानीपेक्षा जास्त होणार नाही. आणि आणीबाणीच्या थांब्याचा इशारा चांगला असेल, तर तो महागड्या मोटारींची शोभा म्हणून न ठेवता नव्या ट्रक-बसना मानक म्हणून द्यावा. जड वाहनांसाठी त्या युरोपीय नियमात वेगळा आकडा आहे, हे मी मघाशी सांगितले ते याचसाठी.

कोणी म्हणेल, हे सारे शासनाचे. आम्ही काय करावे? माझा त्या विद्यार्थ्याशी झालेला व्यवहार मला येथे पुन्हा आठवतो. माझा दिवा लागत नव्हता याला शासन जबाबदार नव्हते, बाजारही नव्हता. मी होतो. आणि मला ते कळावे असा एकच मार्ग होता : कोणी तरी मागे उभे राहून सांगायचे. ब्रेकचा दिवा एकट्या माणसाला तपासता येत नाही. भिंतीला पाठ लावून गाडी उभी करून आरशात लाल उजेड पाहण्याची एक युक्ती आहे, रात्री ती चालतेही. पण खरी तपासणी दोघांची. एक पाय दाबतो, दुसरा पाहतो. आपल्या किनाऱ्यावर तर ती दर पंधरवड्याला झाली पाहिजे, कारण ही हवा होल्डरला खाते, पितळेवर हिरवट थर चढतो, भूवायर सुटते. बहुतेक वेळा बल्ब शाबूत असतो. पॉलिशकागदाने होल्डर घासला की दिवा लागतो.

तो विद्यार्थी आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही, त्याला ते आवडणार नाही. त्याचा पाय अजून पावसाळ्यात दुखतो. आजच्या सभेनंतर काय करायचे हे त्यानेच सुचवले आहे. बाहेर सुरूच्या झाडांखाली तुमच्या जितक्या गाड्या उभ्या आहेत, त्या एकेक करून सुरू करायच्या. चालकाने ब्रेक दाबायचा, तो मागे उभा राहून पाहील. माझ्याजवळ डझनभर बल्ब, थोडा पॉलिशकागद आणि खऱ्या रेडियमचा एक गुंडाळा आहे. टेंपोवाल्यांनी आधी यावे, त्यांना रात्री निघायचे आहे.